उशिरा पेटणारी ट्यूब आणि मायकेल फॅरेडे

आपल्या घरांत आणि शाळांत एक शब्दप्रयोग गेली कित्येक वर्षे रुळलेला आहे. एखाद्याला सांगितलेली गोष्ट चटकन उमगली नाही, तर आपण त्याला ट्यूबलाइट म्हणतो. आणि सर्वांचे हसून झाल्यावर जो हसतो, त्याची ट्यूब आत्ता पेटली, असे म्हणतो. शब्दप्रयोग गमतीचा आहे. म्हणणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. ज्याला म्हटले जाते, त्याला काय वाटते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

शिक्षिका म्हणून उभी राहिले त्या सुरुवातीच्या वर्षांत मीही आठवीच्या वर्गात एका मुलाला हे नाव दिले होते. मी मराठी शिकवीत असे. प्रश्न विचारला की तो मुलगा उत्तर देण्यापूर्वी बराच वेळ छताकडे पाहत राही. त्या दिवशी छतावर खरोखरच एक ट्यूब लुकलुकत होती. मी तिच्याकडे बोट दाखविले आणि मग त्याच्याकडे. वर्ग हसला, मीही हसले. तो हसला नाही. त्या वर्षात त्याने पुन्हा आपणहून हात वर केला नाही. पुढे तो शाळेतून उत्तीर्ण होऊन गेला, आणि त्याच्याजवळ ती गोष्ट काढण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

ही आठवण आज काढण्यास एक निमित्त घडले. हीरक महोत्सवाच्या तयारीत शाळेच्या इमारतीची डागडुजी झाली आणि सर्व वर्गांतील जुन्या ट्यूब काढून तेथे एलईडी दिवे बसविण्यात आले. आमच्या विज्ञान शिक्षकांनी मात्र एक जुनी ट्यूब, तिचा चोक आणि स्टार्टर यांसह, प्रयोगशाळेसाठी मागून घेतली. एका संध्याकाळी त्यांनी ती लाकडी फळीवर जोडली आणि बटण दाबल्यापासून प्रकाश पडेपर्यंत तिच्यात काय घडते, ते मला समजावून दिले. इतकी वर्षे जिच्या प्रकाशात मी शिकविले, तिच्याविषयी मला जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते, हे त्या दिवशी कळले.

त्या काचेच्या नळीत अरगॉन वायू अत्यंत कमी दाबाखाली भरलेला असतो आणि त्यासोबत अगदी थोडा पारा असतो. दोन्ही टोकांना टंगस्टनच्या तारेची बारीक वेटोळी असतात. त्यांवर तापताच इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या पदार्थांचा लेप दिलेला असतो. नळीच्या आतील बाजूस पांढऱ्या पुडीचा पातळ थर असतो. नळी थंड असताना घरातील २३० व्होल्टचा दाब तिच्यातून वीज पार करू शकत नाही. म्हणून बटण दाबल्यावर वीज आधी वळणाची वाट घेते. ती चोकमधून नळीच्या एका टोकाच्या वेटोळ्यात, तेथून स्टार्टरमध्ये आणि मग दुसऱ्या टोकाच्या वेटोळ्यातून परत जाते.

स्टार्टरच्या डबीत एक चिमुकली काचेची कुपी असते. तिच्यात थोडा वायू आणि दोन निरनिराळे धातू जोडून केलेली पट्टी असते. वीज आली की कुपीतला वायू मंद उजळतो, त्या उबेने पट्टी वाकते आणि समोरच्या टोकाला जाऊन टेकते. परिपथ पूर्ण होतो. आता नळीच्या टोकांची वेटोळी लाल होईपर्यंत तापतात आणि त्यांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. इकडे पट्टी टेकल्यामुळे कुपीतला उजेड विझलेला असतो. पट्टी निवते, सरळ होते, आणि परिपथ एकदम तुटतो.

नेमक्या या तुटण्याच्या क्षणी चोकमधील तारेच्या गुंडाळीतून शेकडो व्होल्टचा एक झटका निर्माण होतो. तोच नळीतल्या वायूतून विजेला वाट करून देतो आणि नळी पेटते. झटका कमी पडला किंवा टोके पुरेशी तापली नसली, तर सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आपण जिला लुकलुक म्हणतो, ती हीच. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात नळीची टोके आधीपेक्षा थोडी अधिक तापतात, म्हणून बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस ती पेटतेच. एकदा ती पेटली की स्टार्टर काढून घेतला तरी दिवा चालूच राहतो. चोकला मात्र सुटी नसते; पेटलेल्या नळीतला प्रवाह भलता वाढू पाहतो, त्याला तो आवर घालीत राहतो.

हे ऐकल्यावर मी एक प्रश्न विचारला. परिपथ तुटला की वीज थांबावी. उलट झटका कसा मिळतो, आणि हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले? शिक्षकांनी दोन नावे सांगितली. एक अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांचे आणि दुसरे इंग्लंडमधील मायकेल फॅरेडे यांचे. फॅरेडे यांचे नाव शाळेच्या पुस्तकात सर्वांनीच वाचलेले असते. त्यांचे चरित्र मात्र मी त्यानंतर प्रथमच मन लावून वाचले. ते मला आपल्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना सांगावेसे वाटते.

मायकेल फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस, न्यूइंग्टन या भागात झाला. वडील लोहार होते. त्यांची प्रकृती नेहमी नाजूक असल्यामुळे भट्टीवरचे काम सलग होत नसे आणि घरात चार मुले होती. इ. स. १८०१ च्या महागाईत मायकेलच्या वाट्याला एक पाव येई आणि तो आठवडाभर पुरवावा लागे, असे सांगितले जाते. शाळा त्याला मिळाली ती लिहिणे, वाचणे आणि थोडा हिशेब, एवढ्यापुरतीच. तेराव्या वर्षी ती सुटली आणि तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला. गिऱ्हाइकांच्या घरी वर्तमानपत्रे पोहोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे त्याचे काम. वर्षभराने रिबो यांनी त्याला पुस्तकबांधणीची उमेदवारी दिली. ती सात वर्षांची होती.

बांधणीला आलेली पुस्तके हा मुलगा बांधण्यापूर्वी वाचीत असे. एका विश्वकोशातील विजेवरचा लेख त्याच्या हाती असाच आला. जेन मार्सेट या लेखिकेने संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही त्याने असेच वाचले. वाचलेले खरे की खोटे, हे तो जमेल तेवढ्या पैशांत साहित्य आणून स्वतः पडताळून पाही. रिबो यांनी त्याला कधी अडविले नाही. शहरात टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी विज्ञानावर व्याख्याने देत. प्रवेशाला एक शिलिंग पडे. ते पैसे मायकेलचा थोरला भाऊ देई. तोही वडिलांसारखा लोहारच होता. मायकेल तेथे टिपणे काढी, आकृत्या काढी आणि घरी येऊन ते सारे सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढी.

इ. स. १८१२ मध्ये रिबो यांच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. मायकेलने त्यांची चार व्याख्याने ऐकली, त्यांची सविस्तर टिपणे केली, स्वतःच्या हातांनी त्यांचे पुस्तक बांधले आणि वर्षअखेरीस ते डेव्ही यांच्याकडे पाठविले. सोबत नोकरीची विनंती होती. त्या वेळी जागा नव्हती. पुढे प्रयोगशाळेतील एका मदतनिसाला भांडणावरून काढून टाकावे लागले आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरेडे यांची त्या जागी नेमणूक झाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग आणि राहण्यास माडीवरच्या दोन खोल्या. वय एकवीस. ज्या वयात अनेकांचे शिक्षण संपते, त्या वयात त्यांचे सुरू झाले.

त्याच वर्षी डेव्ही त्यांना युरोपच्या दौऱ्यावर घेऊन गेले. दीड वर्षाच्या त्या प्रवासात फॅरेडे यांनी पॅरिसमध्ये ॲम्पियर आणि मिलानमध्ये वृद्ध व्होल्टा यांना पाहिले. परंतु त्याच प्रवासात त्यांना डेव्ही यांच्या खाजगी नोकराचेही काम करावे लागले, आणि डेव्ही यांच्या पत्नीने त्यांना पदोपदी त्यांची पायरी दाखवून दिली. अपमान गिळून ते शिकत राहिले. परत आल्यावर त्यांनी प्रयोगशाळेत डेव्ही यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम केले.

इ. स. १८२१ मध्ये, लग्नानंतर थोड्याच महिन्यांनी, फॅरेडे यांनी वीज वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरत राहते, असा प्रयोग करून दाखविला. विजेवर चालणाऱ्या मोटारीचे ते बीज होते. परंतु याच विषयावर डेव्ही आणि त्यांचे ज्येष्ठ मित्र वोलॅस्टन यांनीही विचार केलेला होता. घाईने प्रसिद्ध केलेल्या निबंधात फॅरेडे यांनी त्यांचा उल्लेख केला नव्हता. दुसऱ्याची कल्पना चोरल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. वोलॅस्टन यांचा प्रयोग वेगळा होता, तरी कुजबुज थांबली नाही. इ. स. १८२४ मध्ये फॅरेडे यांची रॉयल सोसायटीवर निवड झाली. तिला विरोध करणाऱ्यांत त्या संस्थेचे अध्यक्ष अग्रभागी होते, आणि ते अध्यक्ष म्हणजे स्वतः डेव्ही.

ज्या गुरूने दार उघडले, त्यानेच ते पुन्हा लावून घेऊ पाहिले. शिक्षकाच्या पेशात असलेल्या कोणालाही हा प्रसंग वाचताना स्वस्थ बसवणार नाही. विद्यार्थ्याला लहान करण्याची इच्छा प्रत्येक वेळी मत्सरातूनच येते असे नाही. कधी ती नुसत्या निष्काळजीपणातून येते. परिणाम मात्र तोच होतो. फॅरेडे यांनी डेव्ही यांच्याविषयी पुढेही आदरच राखला. पण जवळजवळ दहा वर्षे वीज आणि चुंबक या विषयाकडे त्यांना पुरेसा वेळ देता आला नाही. दुर्बिणीच्या काचा सुधारण्याच्या कंटाळवाण्या कामात त्यांतली कित्येक वर्षे गेली. डेव्ही १८२९ मध्ये निवर्तले.

२९ ऑगस्ट १८३१ या दिवशी फॅरेडे यांनी लोखंडाच्या एका कड्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या केल्या. त्या एकमेकींना कोठेही जोडलेल्या नव्हत्या. एका गुंडाळीतून वीज सोडताच दुसरीला जोडलेली सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. वीज बंद करताच ती उलट दिशेला हलली. वीज नुसती वाहत असताना मात्र सुई निश्चल राही. प्रवाह बदलत असतानाच दुसऱ्या तारेत वीज उपजते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांनी गुंडाळीत नुसते चुंबक आत-बाहेर करून वीज निर्माण केली. आपल्या वीजनिर्मिती केंद्रांतील जनित्रे याच तत्त्वावर फिरतात. आपण त्याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतो. फॅरेडे तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते.

आता आपल्या चोकची गोष्ट. इ. स. १८३४ मध्ये विल्यम जेन्किन नावाच्या एका हौशी गृहस्थाने फॅरेडे यांना एक विचित्र अनुभव सांगितला. लहानशा विद्युतघटाला आखूड तार जोडून ती काढली, तर हाताला काहीच जाणवत नाही. पण विद्युतचुंबकाची लांब गुंडाळी जोडून ती काढली की काढताना सणसणीत झटका बसतो. घट तोच, माणूस तोच. झटका आला कोठून? फॅरेडे तेव्हा युरोपभर ख्याती पावलेले होते. कोणा हौशी माणसाच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तो प्रयोग स्वतः करून पाहिला, तऱ्हेतऱ्हेने बदलून पाहिला, आणि आपल्या निबंधात जेन्किन यांचे नाव नोंदविले. सुमारे तेरा वर्षांपूर्वी एका उल्लेखाच्या अभावी जे भोगावे लागले होते, त्याचा त्यांना विसर पडला नसावा.

आखूड तारेने तुटताना ठिणगी जेमतेम दिसे. लांब तारेने ती मोठी होई. तीच तार गुंडाळली तर आणखी मोठी, आणि गुंडाळीत लोखंड सरकविले तर त्याहूनही मोठी. धावती बैलगाडी एकदम थांबविली की आतली माणसे पुढे झुकतात, तसा विजेलाही काही वेग असावा, अशी शंका येणे साहजिक होते. फॅरेडे यांनीही ती विचारात घेतली. पण तेवढ्याच लांबीची तार सरळ ठेवण्याऐवजी गुंडाळली तर ठिणगी वाढते, हे केवळ वेगाने कसे समजावून देता येईल? कारण गुंडाळीच्या रचनेत होते. प्रत्येक वेढ्यातील बदलत्या प्रवाहाचा प्रभाव शेजारच्या वेढ्यावर पडतो. तीन वर्षांपूर्वी कड्यावरच्या दोन गुंडाळ्यांत जे दिसले, तेच येथे एका गुंडाळीत स्वतःशीच घडत होते. प्रवाह तुटू लागला की गुंडाळी त्या तुटण्यालाच विरोध करते, आणि त्या विरोधातून क्षणभर मोठा विद्युतदाब उभा राहतो. याला आपण स्वप्रवर्तन म्हणतो. जोसेफ हेन्री यांनी हीच गोष्ट अमेरिकेत स्वतंत्रपणे आणि थोडी आधी, १८३२ मध्ये, प्रसिद्ध केली होती. म्हणून तिच्या एककाला त्यांचे नाव आहे.

आपल्या शाळेच्या छतावर जे चोक होते, त्यांत लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेली होती. जेन्किन यांच्या हाताला बसलेला झटका आणि ट्यूब पेटविणारा झटका, दोन्ही एकच.

त्याच १८३४ सालातील आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या मराठी शाळेला विशेष जवळची वाटावी अशी आहे. फॅरेडे यांना लॅटिन वा ग्रीक येत नव्हते, आणि अंकगणितापलीकडचे गणितही फारसे येत नव्हते. नव्या घटनांना नावे देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी संकोच न करता केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्युएल यांना पत्रे लिहिली. ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द त्या पत्रव्यवहारातून ठरले. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यांतल्या पहिल्या दोहोंना धनाग्र आणि ऋणाग्र म्हटले. शब्द मागाहून आले. घटना आधी समजलेली होती. गणिताची उणीव मात्र पुढे मॅक्सवेल यांना भरून काढावी लागली. फॅरेडे यांच्या कल्पनांना समीकरणांचे रूप त्यांनी दिले. तेव्हा गणित टाळण्यासाठी फॅरेडे यांचा दाखला कोणी देऊ नये, एवढे मुख्याध्यापिका म्हणून सांगणे मला भाग आहे.

इ. स. १८३८ मध्ये फॅरेडे यांनी काचेच्या पात्रातील हवा बरीचशी उपसून काढली आणि उरलेल्या विरळ हवेतून वीज सोडली. आत जांभळट उजेड पसरला. त्यांच्या नजरेने मात्र उजेडाबरोबर अंधारही टिपला. ऋणाग्राजवळचा उजेड आणि धनाग्राकडून येणारा उजेड यांच्यामध्ये एक काळा पट्टा राहत होता. पदार्थविज्ञानात त्या पट्ट्याला आजही फॅरेडे यांचे नाव आहे. विरळ वायूतून वीज नेली की प्रकाश मिळतो, हा ट्यूबलाइटचा दुसरा आधार. गुंडाळीचा झटका आणि विरळ वायूतील प्रकाश, दोन्ही चार वर्षांच्या आत एकाच माणसाने तपासले. त्या दोहोंपासून कधी काळी दिवा होईल, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

त्यानंतर त्यांचे शरीर थकले. १८४० च्या सुमारास त्यांना चक्कर येऊ लागली आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. संशोधन थांबले. हवापालटासाठी स्वित्झर्लंडला जावे लागले. पुढे प्रकृती काहीशी सुधारली, तरी विसर पडण्याची व्याधी कायमची राहिली. आपण काल काय पाहिले, हे आज आठवेल याची खात्री नसलेल्या माणसाने संशोधन कसे करावे? फॅरेडे यांनी रोजनिशीचा आधार घेतला. प्रत्येक निरीक्षणाला क्रमांक देण्याची सवय त्यांना पूर्वीपासूनच होती. ते क्रमांक अखेरीस १६,००० च्या पुढे गेले. याच काळात, १८४५ मध्ये, चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्यांनी सिद्ध केले.

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने होत. फॅरेडे यांनी ती एकूण १९ वर्षे दिली. १८६०-६१ च्या अखेरच्या मालेत त्यांनी एक साधी मेणबत्ती घेतली आणि तिच्या ज्योतीवरून रसायनशास्त्राची कितीतरी दालने मुलांपुढे उघडली. स्वतःला पुरेशी शाळा मिळाली नाही, त्या माणसाने वर्षानुवर्षे मुलांसमोर उभे राहण्यात धन्यता मानली. दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचेही ते वैज्ञानिक सल्लागार होते. साउथ फोरलँड येथील दीपगृहात १८५८ मध्ये विजेचा दिवा प्रथम लागला. त्याला वीज पुरविणारे यंत्र फॅरेडे यांच्याच शोधावर चालत होते, आणि त्याची पाहणी करण्याचे काम वृद्धापकाळी त्यांच्याकडेच होते.

सरदारकी त्यांनी नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, ज्या खुर्चीतून एकदा त्यांना विरोध झाला होता तीच खुर्ची, देऊ केली असता तीही नाकारली. राणी व्हिक्टोरिया यांनी हॅम्प्टन कोर्ट येथे राहण्यास दिलेल्या घरात २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. थोरामोठ्यांच्या पंक्तीत वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन झाले नाही. लंडनच्या हायगेट स्मशानभूमीत, त्यांच्या इच्छेप्रमाणे, साधेपणाने झाले.

ट्यूबलाइटला अद्याप बरीच वर्षे अवकाश होता. केंब्रिजचे स्टोक्स यांनी १८५२ मध्ये, न दिसणारे अतिनील किरण काही पदार्थ शोषून घेतात आणि दिसणारा प्रकाश परत देतात, हे स्पष्ट केले होते. आपण त्याला प्रतिदीप्ती म्हणतो. १८५७ मध्ये बॉन येथील काचकारागीर गाइसलर यांनी विरळ वायूच्या सुंदर नळ्या घडविल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कूपर ह्युइट यांनी पाऱ्याच्या वाफेचा दिवा केला, पण त्याच्या निळसर-हिरव्या उजेडात माणसांचे चेहरे निस्तेज दिसत. पाऱ्याच्या वाफेतून निघणारा बराचसा प्रकाश अतिनील असतो. नळीच्या आतून पुडीचा लेप दिला, तर तो प्रकाश वाया न जाता पांढरा होऊन बाहेर येतो. जर्मनीत गेर्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२६ मध्ये अशा दिव्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. अमेरिकेत इनमन यांच्या चमूने तो बाजारात आणण्याजोगा केला आणि १९३८ मध्ये त्याची विक्री सुरू झाली. तेव्हा फॅरेडे यांना जाऊन ७१ वर्षे झाली होती.

आपल्या शाळेच्या साठ वर्षांतील बहुतेक पिढ्या त्याच प्रकाशात शिकल्या. नव्या एलईडी दिव्यांत पारा नाही, चोक नाही, स्टार्टर नाही. ते बटण दाबताक्षणी लागतात आणि वीजही कमी घेतात. बदल योग्य आहे आणि तो केल्याचा आम्हाला आनंद आहे. पुढच्या मुलांना ट्यूब उशिरा पेटते म्हणजे काय, हे कदाचित पाहावयासही मिळणार नाही. म्हणून प्रयोगशाळेतली ती एक ट्यूब आम्ही जपून ठेवली आहे. महोत्सवाला याल तेव्हा ती अवश्य पाहा.

ती पेटताना मी आता वेगळ्या नजरेने पाहते. जो वेळ मला वाया गेलेला वाटत असे, त्या वेळात तिची टोके तापत असतात. जो प्रयत्न मला फसलेला वाटे, तो पुढच्या प्रयत्नाची तयारी करून जातो. लोहाराचा एक मुलगा तेराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडला, एकविसाव्या वर्षी प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागला आणि चाळिशीला आल्यावर त्याने जगाला वीज दिली. मधल्या वर्षांत रिबो यांनी त्याला वाचू दिले, भावाने शिलिंग दिले, एका गिऱ्हाइकाने तिकिटे दिली. तो उत्तर देण्यास उशीर लावतो म्हणून यांपैकी कोणी त्याला हसले असते, तर काय झाले असते, हे मला सांगता येत नाही.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे की, आपले मूल छताकडे पाहत उभे असेल तेव्हा त्याला थोडा वेळ द्यावा. शाळेतही आम्ही तो देण्याचा प्रयत्न करतो. प्रत्येक वेळी जमतेच असे नाही.

आणि आठवीच्या त्या वर्गातला तो मुलगा, आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ, हे पुस्तक हाती धरून बसला असेल, तर त्याला सांगावयाचे आहे की त्या दिवशी चूक माझी होती. तू विचार करीत होतास. मी थांबावयास हवे होते.